बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं ते

मी तोंडवली सोडली त्या सकाळी बाबा समुद्रावर होते. मुद्दाम गेले होते, हे मला माहीत होतं आणि आयेलाही. आदल्या दुपारी त्यांनी तिला दारातच मारलं होतं. मालवणच्या बाजारात मासे विकून परतताना तिचा टेम्पो रखडला, जेवायला उशीर झाला, एवढंच कारण. तिच्या डोक्यावरची रिकामी पाटी खाली पडली. बाबांचा हात दुसऱ्यांदा वर गेला तेव्हा मी तो मनगटाजवळ धरला. मी एकवीस वर्षांचा होतो, आयटीआय पूर्ण करून घरी बसलेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि किनाऱ्याकडे निघून गेले.

एसटीची वाट बघत आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो. मी म्हणालो, तुला टाकून कसा जाऊ? आयेने माझ्या बॅगेची चेन नीट लावली आणि म्हणाली, "जा तू. हय रवलस तर एक दिवस बापाशीर हात उचलतलस, नायतर बापाशीसारखो होतलस. माका दोनय नको."

बंगळूरला मी लिफ्टच्या मेंटेनन्सला लागलो. ब्रेकडाउन कॉल आला की बाइक काढायची, मशीन रूममध्ये चढायचं, कंट्रोलर उघडायचा. सुरुवातीला कन्नड येत नव्हतं, तर मी लोकांशी हातवाऱ्यांनी बोलायचो. भाताऐवजी नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, मुद्दे, खायला शिकलो. नाश्त्याच्या हॉटेलात सांबाराचा वास आला की पोट भरल्यासारखं वाटू लागलं. माशांची आठवण यायची, पण घरी फोन करायला मन धजत नसे. कधी केलाच तर आयेला विचारायचो, बरी आसस ना? ती म्हणायची, बरी आसंय. दोघांनाही कळायचं की उत्तर तेवढंच असणार.

पुढे स्वातीशी लग्न झालं. ती बेळगावची, औषधांच्या दुकानात कामाला. मुलगी झाली. मी स्वतःला सांगत आलो होतो की तोंडवलीतलं ते सगळं तोंडवलीतच राहिलं. मग एका संध्याकाळी, ड्युटीवरून वैतागून आलो असताना स्वातीने काहीतरी साधं विचारलं आणि माझ्या हातातला स्टीलचा तांब्या मी भिरकावला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. मुलगी रडायला लागली. स्वाती रडली नाही. तिने मुलीला उचललं आणि शांतपणे सांगितलं, हे पुन्हा झालं तर मी भावाकडे जाईन आणि परत येणार नाही.

मी खाली पार्किंगमध्ये जाऊन आयेला फोन लावला. सगळं सांगितलं. मग तिने एक गोष्ट केली जी तिने कधी केली नव्हती. फोन बाबांच्या हातात दिला आणि म्हणाली, आयका, तुमच्या झिलान काय केल्यान ता. मी पुन्हा सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "थंयच थांब. माझ्यासारखो होव नको."

आम्हा बापलेकांत त्याबद्दल झालेलं ते पहिलं बोलणं. मी वर गेलो, स्वातीची माफी मागितली. तिने लगेच माफ केलं नाही. तिच्याच सांगण्यावरून मी आठ महिने दर शनिवारी एका समुपदेशकाकडे जात राहिलो. राग आला की पोटात, जबड्यात काय होतं ते ओळखायला शिकलो. त्या वेळी खोलीबाहेर जायला शिकलो. लाजत गेलो खरा, पण गेलो.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही तिघं गावी गेलो. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधीचे दिवस, किनाऱ्यावर होड्या वर ओढायची लगबग होती. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. त्यांच्या हाताखाली सहा जण. त्यांतला सुभाष सगळ्यांत ताकदीचा, हसतमुख, माझ्याच वयाचा. एका सकाळी त्याची बायको रेश्मा आमच्या खळ्यात, अंगणात, येऊन उभी राहिली. उजवं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. बाबांना म्हणाली, काका, तो तुमचंच ऐकतो, तुम्ही त्याला सांगा.

बाबा म्हणाले, सांगतो. आये चुलीपाशी होती. ती बाहेर आली, रेश्माला खाली बसवलं आणि बाबांकडे वळून विचारलं, "तुमी खंयच्या तोंडान सांगतल्यात तेका?"

ती ओरडली नाही. पण रेश्मासमोर, स्वातीसमोर, माझ्यासमोर विचारलं. तीसहून जास्त वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदा ते घराबाहेरच्या माणसासमोर मांडलं होतं. बाबा पायरीवर बसून राहिले. स्वाती आणि मी रेश्माला मालवणच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. परतताना ती म्हणाली, मी पोलिसांत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी वर ओढायची होती. वाडीतले वीसेक पुरुष वाळूत जमले होते. लाकडी ओंडके मांडून झाले होते, दोर बांधला होता. बाबांनी दोर हातात घेतला नाही. ते होडीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता सुभाषला झापतील.

ते म्हणाले, "मी माझ्या बायलेक मारलंय. किती येळा ता माका आठवणापण नाय. तिना काय केल्यान म्हणान नाय, माझो हात चलता म्हणान मारलंय. ह्या झिलान माझो हात धरल्यान, तेवा माका राग इलो. लाज आता येता."

कोणीतरी हसण्याचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला. बाबा सुभाषकडे वळले. त्याला म्हणाले, रेश्मा पोलिसांत जाणार आहे आणि मी तिच्यासोबत जाणार आहे. तू तिथे काय ते कबूल कर, हात थांबव, मग माझ्या होडीवर ये. तोवर नको.

सुभाष निघून गेला. त्याच्यामागून सात-आठ जण गेले. त्यातले एक बाबांचे सख्खे चुलतभाऊ होते. जाताना ते म्हणाले, घरातलं घरात ठेवायचं सोडून तू वाडीची अब्रू काढलीस. बाबांची मान खाली गेली नाही.

होडी ओढायला माणसं कमी पडली. आम्ही अकरा जणांनी जोर लावला, ती जागची हलेना. तेवढ्यात आये आली. मागून शेजारच्या दोघी आणि स्वाती. आयेने पदर खोचला आणि दोर धरला, बाबांपासून दूर, दुसऱ्या टोकाला. होडी वर चढायला दुपार झाली. हात सोलपटले होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाकडे बघून अभिमानाने फुलून गेलो होतो. आयेकडे बघून तर त्याहून जास्त.

बाबांनी शब्द पाळला. पोलिस ठाण्यात रेश्मासोबत गेले, जबाब दिला. पुढच्या हंगामात त्यांना दोन माणसं बाहेरून आणावी लागली. चुलतकाका वर्षभर बोलले नाहीत. रेश्मा सुभाषकडे परतली नाही. जवळच्या कट्टा गावात काजूच्या कारखान्यात काम करते, मुलं तिच्यापाशी असतात. सुभाषने गुन्हा कबूल करायला बरेच महिने घेतले. आता तो पुन्हा बाबांच्या होडीवर आहे, मुलांना भेटायला रविवारी जातो, आणि रेश्माने परवानगी दिली तरच घरात पाऊल टाकतो.

बाबांनी मात्र एक काम मागे लावून घेतलंय. वाडीत कोणाचंही लग्न ठरलं की हळदीच्या आधी ते त्या नवऱ्यामुलाकडे जातात. उपदेश करत नाहीत. आपण काय केलं ते सांगतात, आयेचं नाव घेऊन, तिला विचारून. काही जण टाळतात, काही जण ऐकतात. गेल्या वर्षी चुलतकाकांनी स्वतः त्यांना आपल्या मुलाकडे बोलावलं.

मी आयेला एकदा विचारलं, तू त्यांना माफ केलंस का? ती कोलंबी सोलत होती. म्हणाली, "माफ नाय केलंय. पण आता ते घरात इले की माझी पाठ ताठ होणा नाय." तिला एवढं मिळायला तीसहून जास्त वर्षं लागली. ती घाईने माफ करत नाही, याचाही मला अभिमान आहे.

तोंडवलीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. कुठली गोष्ट आपण मागे टाकून आलोय असं वाटत असेल, तर एकदा स्वतःच्या हाताकडे बघा. मी अकरा वर्षं लोकांना सांगत होतो की मी गोव्याजवळचा. गावाचं नाव घेतलं की घर डोळ्यांपुढे यायचं, आणि ते घर मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या मंजुनाथचं लग्न ठरलं. साइटवर चहा पिताना मी त्याला बाजूला घेतलं आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तांब्याची गोष्ट सांगितली. मग बाबांची, वाळूतली. त्याने कप खाली ठेवला. मग त्याने विचारलं, असं उघड बोलणारी माणसं असतात तरी कुठे?

मी म्हटलं, आमच्या घरी. मालवण तालुका, तोंडवली.