शेवटचा आकडा बाईंचा

हाडवळेबाई पोरांना कधी सरळ मोजत नसत. सकाळी प्रार्थना झाली की त्या फळ्यावर दोन आकडे लिहीत, एक सुरुवातीचा आणि एक उडीचा. सात आणि तीन लिहिले की पहिलं पोर 'सात' म्हणायचं, दुसरं 'दहा', तिसरं 'तेरा'. कधी शंभरापासून उलटं. एखादं अडखळलं तर बाई थांबत, पण पुढच्याला बोलू देत नसत. सगळ्यांत शेवटी रांगेच्या टोकाला उभं राहून आपला आकडा त्या स्वतः म्हणत आणि हजेरीशी ताडून बघत. शाळा सुटताना, दप्तरं पाठीवर घेऊन, हे सगळं पुन्हा.

मी मंचरहून पिंपळवंडीजवळच्या त्या वस्तीशाळेत नुकतीच रुजू झाले होते. दोन शिक्षिका, एकोणीस पोरं आणि तिन्ही बाजूंनी ऊस, त्यात बिबट्याचा वावर. मी मुळातच भित्री, पाल दिसली तर खोली सोडणारी. पात्यांची सळसळ झाली की माझ्या हातातला खडू थांबायचा. शाळा सुटल्यावर पोरांना उसामधल्या पायवाटेने डांबरी रस्त्यापर्यंत पोचवावं लागे, आणि मी देवाचं नाव घेत चालायचे. अशा वेळी पोरं आकडे जुळवत बसली की जीव नुसता वरखाली व्हायचा. एकदा म्हटलंच, "बाई, एक-दोन-तीन मोजलं तर अर्ध्या मिनिटात होईल की."

"सरळ मोजलं का नुसतं तोंड मोजतं, मेघा. डोकं झोपल्यालं असतं. अवघड मोजलं का कान जागं ऱ्हात्यात, आन् इथं कान जागंच लागत्यात."

बिबट्याला त्या वाघच म्हणत. त्याच्यासाठीही त्यांचा धडा ठरलेला होता. "वाघ दिसला तर पळायचं न्हाई, खाली बसायचं न्हाई. भिताडाला पाठ लावायची आन् मोठ्यानं पाढं म्हणायचं."

"का, त्याला पाढे येत नाहीत म्हणून पळतो का तो?" मी चेष्टेने विचारलं.

"माणसाच्या आवाजाला बिचकतो त्यो. आन् पाढा म्हणणारं पोर रडत न्हाई," बाई म्हणाल्या, आणि चौथीतल्या गौरीकडे वळल्या. गौरी मेंढरंवाल्यांची, गणिताला बिचकणारी. सातच्या पाढ्यात हमखास अडकायची, म्हणून बाई तिच्याकडून रोज तोच म्हणून घेत.

एकदा बाई प्रशिक्षणासाठी जुन्नरला गेल्या आणि मी एकटी उरले. त्याच सकाळी कालव्याकडेच्या गोठ्यातली शेळी बिबट्याने नेल्याची बातमी आली होती. दिवसभर माझं लक्ष खिडकीबाहेर. फळ्यावर बाईंनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, शंभर आणि चार, उलटं. पण सुटताना मला तेवढा धीर कुठला? "आज एक-दोन-तीन मोजा, पटपट!" मी म्हटलं. उसाकडे बघत मी आकडे ऐकले. शेवटी कुणीतरी 'एकोणीस' ओरडलं, मी 'वीस' म्हटलं आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेत साक्षी म्हणाली, "म्याडम, बाईंचं मोजायचं ऱ्हायलं. बाई इचारतील उद्या." मी चिडले, पण बाईंच्या धाकाने तिथेच मोजायला लावलं. शंभर, शहाण्णव, ब्याण्णव... माझ्या शेजारचा मुलगा 'बत्तीस' म्हणाला. म्हणजे माझा अठ्ठावीस. यायला हवा होता चोवीस.

एक पोर कमी होतं.

मघाचा एकोणीस कुणाचा, ते तेव्हा दिसलं. आई कांदा लावायला गेली की साक्षी चार वर्षांच्या बहिणीला, चिऊला, शाळेत आणायची. हजेरीत नाव नसलेली चिऊ रांगेत शेवटी उभी राहून मघाशी हौसेने ओरडली होती. वजाबाकी आल्यावर ती गप्प बसली. "गौरी न्हाई," साक्षी म्हणाली. "नळावर बाटली भरीत व्हती."

नळ शाळेच्या मागे. तिथून ऊस दहा पावलांवर. पोरांना एकमेकांचे हात धरायला लावून मी सगळ्यांना घेऊन माघारी निघाले. शाळेजवळ आलो तेव्हा बारीक आवाज ऐकू आला.

"दोनशे एकतीस... दोनशे अडतीस..."

गौरी भिंतीला पाठ लावून उभी होती. सत्तरवर पाढा संपला तरी ती थांबली नव्हती, सात-सात मिळवत चालली होती. डोळे उसावर. वारा पडलेला, आणि एकाच जागची पाती हलत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून आरडाओरडा केला. पाती आत आत हलत गेली आणि थांबली. मी गौरीला उचललं, तेव्हाही ती 'दोनशे पंचेचाळीस' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता झाडाझडती होणार. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"मला काय गणिताचं येड न्हाई, मेघा," त्या म्हणाल्या. "मला लई भ्या वाटतं. पहिल्या दिसापास्नं. शेवटचा आकडा तोंडातनं निघंस्तवर जीव थाऱ्यावर नसतो."

इतके दिवस मला वाटत होतं, शाळेत भित्री मी एकटीच.

पुढच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन निमगाव सावाला गेल्या. निघताना म्हणाल्या, "भ्या गेलं असं वाटलं, तर त्या दिशी दोनदा मोज."

जूनमध्ये शाळा उघडली. फळ्यावर मी लिहिलं, पाच आणि सहा. पोरांनी आकडे म्हटले, आणि मग सगळी रांगेच्या टोकाकडे बघत राहिली. तिथे कुणीच नव्हतं. मी गेले, उभी राहिले, उसाकडे पाठ न करता माझा आकडा म्हटला. आवाज कापला. पण हिशेब बरोबर होता.