पोत्यामागे कपात शून्य

पहिला फटका खिडकीच्या काचेवर बसला. दुसरा माझ्या दिराच्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. तिसरा डोक्यात बसला असता. मी मधे खुर्ची घातली, खुर्चीचा पाय तुटला.

मारणारा अनोळखी नव्हता. कामरगावच्या पलीकडून दर हंगामात आमच्या धर्मकाट्यावर सोयाबीनची ट्रॉली तोलायला आणणारा माणूस. हातात टॉमी, म्हणजे ट्रॅक्टरचं चाक खोलायची लोखंडी कांब. मागे रांगेतला सगळा घोळका.

"काटा मारून राह्यली का, बाई? दुसऱ्या काट्यावर जास्त भरली माही ट्रॉली!"

"किती जास्त?"

"पोत्यामागं किलो!"

पोत्यामागं किलो म्हटल्यावर मला कळलं काय झालंय ते. पण तोवर दोघांनी दिराची कॉलर धरून त्याला खिडकीतून बाहेर ओढलं होतं. चौकटीत राहिलेल्या काचांनी त्याचं पोट सोलून निघालं. खाली पडल्यावर बरगडीत लाथा. मी बाहेर धावले तर कोणाचा तरी कोपर तोंडावर लागला, दात हलला.

आमच्याकडे पूर्वी प्रत्येक पोत्यामागे एक किलो बारदान्याचं म्हणून कापूनच पावती निघायची. रिकामं पोतं एवढं भरत नाही हे सगळ्यांना माहीत, पण व्यापाऱ्यांनी लावलेली रीत. या हंगामाच्या सुरुवातीला त्यावरून भांडण झालं, काट्यावरच बैठक बसली आणि ठरलं की काटा पूर्ण वजन देईल. ज्याला कापायचं त्यानं तोंडानं सांगून कापावं. मी सगळ्यांदेखत दोन्ही कम्प्युटरवर कपात शून्य केली.

दोन कम्प्युटर, कारण नवरा ट्रकवर असतो आणि काटा बंद राहिलेला मला परवडत नाही. जुना कोपऱ्यात पडून असायचा. त्यात लिनक्स आहे. त्यावरच्या वजनाच्या प्रोग्रामची सगळी सेटिंग एका साध्या फायलीत, ओळीखाली ओळ, कोणालाही वाचता येईल अशी. हॅशचं चिन्ह टाकून पुढे काहीही लिहावं. ते मशीन वाचत नाही, माणसासाठी असतं. नवा विंडोजचा, दिराच्या हट्टानं घेतलेला. त्यात सगळ्या प्रोग्रामांची सेटिंग एकाच पेटाऱ्यात कोंबलेली असते, त्याला रजिस्ट्री म्हणतात. विकणारा म्हणाला होता, फायलीत कोणीही बोट घालेल, यात घालणार नाही. खरं होतं त्याचं. बोट घालता येत नाही तसं डोळ्यांनाही पटकन काही दिसत नाही.

"तोडा तो कम्प्युटर!" मागून कोणीतरी ओरडलं.

टॉमीवाला आत आला. मी उलटी आत धावले आणि कम्प्युटरसमोर उभी राहिले. टॉमी माझ्या खांद्यावरून घसरली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही.

"फोडशील तर काय चुकलं ते कधीच कळणार नाही. आधी पाह्य, मग फोड."

"दाखव मंग!"

त्यानं टॉमी सोडली. ती टेबलाखाली सरकवून मी रजिस्ट्री उघडली. फांद्यांमधून फांद्या निघाल्या, इंग्रजी आकडे, कंस, शून्य आणि एक्स. कपातीच्या जागी एक होता.

"हे पाह्य. इथं शून्य होता, आता एक झाला."

"हे काय भुताचं लिवलं? तूनंच आता घातला असशीन तो एक!"

त्याचंही चुकलं नव्हतं. तो एक कधी आला, कोणी आणला, त्या पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. बाहेर लाथा चालूच होत्या. आता दीर ओरडत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मी काट्याची वायर उपटून जुन्याला जोडली. तो सुरू व्हायला वेळ घेतो. तेवढ्यात कोणीतरी प्रिंटर उचलून भिंतीवर आपटला. फाईल उघडली आणि मी टॉमीवाल्याची मान धरून पडद्यासमोर आणली.

"मराठी येते ना? मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं, अडखळत. "हॅश... बैठकीत सगळ्यायसमोर ठरलं, बारदाना कापायचा नाही. पोत्यामागे कपात... शून्य."

"बैठकीत कोण होतं?"

"मी होतो."

"घे ट्रॉली काट्यावर."

ट्रॉली चढली. रिकाम्या ट्रॉलीचं वजन त्याच्या दुसऱ्या काट्याच्या पावतीवर होतंच. वजाबाकी केल्यावर दुसऱ्या काट्याचंच वजन आलं. लाथा थांबल्या.

"मंग नव्यात एक आला कुठून?" त्यानं विचारलं. आता आवाज खाली होता.

दिरानं मातीतूनच उत्तर दिलं. तोंडात रक्त होतं. "काल प्रिंटर चालत नव्हता, वैनी. मीनं कम्प्युटर मागच्या तारखेवर नेला. प्रिंटर चालू झाला."

विंडोजला जुन्या तारखेची सेटिंग परत आणता येते. प्रिंटरबरोबर अख्खा पेटारा मागे गेला होता. बैठकीच्या आधीच्या तारखेवर.

"काहून नाही सांगतलं?"

"चालू झाला ना, म्हणून."

मी टॉमीवाल्याकडे वळले. "तूच उचल आता याले. अन् नीट उचल, बरगडी मोडली आहे."

पोती तिथेच उतरवली आणि रिकाम्या ट्रॉलीत गोणपाट टाकून दिराला कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर तो माणूस दिराचं डोकं मांडीवर धरून बसला होता. डॉक्टरला 'पडला' म्हणून सांगायचं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मारलं म्हणून सांगायचं. त्यानं स्वतःच सांगितलं.

मनगटात प्लेट आहे. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. नवा कम्प्युटर मी विकला, जुन्यावरच काटा चालतो. फाईल कोणीही बदलू शकतं, पण बदलली तर कोणालाही दिसते. माझं तेवढ्यावर भागतं. आता पडदा खिडकीकडे तोंड करून ठेवला आहे. टॉमी मी परत दिली नाही, दाराला अडसर म्हणून लावते.

तो माणूस अजून येतो. ट्रॉली काट्यावर चढवायच्या आधी खिडकीत वाकतो.

"दाखव."

दीर डाव्या हातानं फाईल उघडतो. तो माणूस ती ओळ वाचतो, मग ट्रॅक्टरवर चढतो. वाचून होईपर्यंत दीर उजवा हात टेबलाखाली ठेवतो.