दादाची मोटारसायकल

दादाला जाऊन महिना झाला. काल त्याच्या कोटावरचा डाग पेट्रोलने पुसायला घेतला, आणि त्या वासासरशी मी लोणावळ्याच्या आमच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, धुक्याची सकाळ होती.

दादा डॉक्टर होता. खडीवर मोटारसायकल घसरून त्याचा गुडघा मोडला होता. पाच महिन्यांनी तो ती प्रथमच बाहेर काढत होता, कारण वडिवळ्याचे एक आबा पहाटेच दारात आले होते.

"डाक्टर, नातीचा ताप लय वाढलाय. तुमी येताय न्हवं?"

"निघालोच, आबा."

आबा लगेच पायवाटेने पुढे निघाले. पण किक मारायला दादाचा गुडघा वाकेना. दादा मला म्हणाला, "बापू, उतारावर ढकल. सुरू झाली की मागे बस. सोबत चल माझ्या."

"आईने शपथ घातलीय, हिच्यावर बसायचं नाही म्हणून."

"बसायची शपथ ना? ढकलायची तर नाही?" तो हसला. मीही हसलो आणि ढकलले. धूर सोडत तो एकटाच गेला.

संध्याकाळी तो सुखरूप परतला. पोरगीही वाचली. दादाच्या धाडसाची गोष्ट म्हणून मी ही आठवण कितीदा सांगितली असेल!

मला मागे बसायला सांगताना हँडलवरचे त्याचे हात थरथरत होते. इंजिनाचा हादरा, असेच मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. काल कोट हातात असताना लक्षात आले, इंजिन तेव्हा सुरूच झाले नव्हते.