दुर्बिणीची पूजा

लोणावळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक खोली आहे. आत दुर्बीण, वर सरकतं छत. भिंतीवरच्या सेन्सरवर थेंब पडला की छत आपोआप मिटावं, असा प्रोग्रॅम मी तिथल्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी लिहिला होता. अख्खा पावसाळा त्या सेन्सरवर धो धो कोसळला, पण छत ढिम्म हललं नाही. दुर्बिणीवर प्लास्टिक टाकायला धावायचो मी, आणि भिजायचोही मीच. कॉम्प्युटरला तेव्हा घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दसऱ्याला मात्र त्याचीही पूजा करावी लागते. छत उघडं ठेवून विभागप्रमुख मॅडमनी दुर्बिणीला हार घातला, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. मी नारळ फोडला, हात जोडले आणि पुटपुटलो, "बाबा रे, एकदा तरी नीट चाल!" मग नारळाचं पाणी चौफेर शिंपडलं. एक शिंतोडा सेन्सरवर गेला.

छत घरघरत मिटलं. आम्ही काळोखात.

मॅडमनी निरांजन माझ्या तोंडासमोर धरलं. "पावला की हो! आता त्याला सांगा, पाणी नारळाचं होतं."