गाणं मी उचललं

वेतिनीला पडद्यावर मरताना मी अकरा वेळा पाहिलंय. खोटं कशाला बोलू, दर वेळी मला थोडं बरंच वाटलं.

माझा सख्खा मावसभाऊ. होकिआंगाच्या खाडीकाठी एकाच घरात वाढलो, एकाच पातेल्यातल्या शिंपल्या खाल्ल्या. नटी व्हायचं होतं ते मला. ऑकलंडला सिनेमासाठी माणसं निवडणार होते, तेव्हा हा लाकडाच्या वखारीत कामाला होता. गाडी त्याच्याकडे, म्हणून मला सोडायला आला. समोरचे संवाद वाचायला कुणी नव्हतं, तर त्यांनी यालाच आत बोलावलं. मला म्हणाले, कळवतो. एकोणीस वर्षं झाली, अजून कळवतायत.

त्याला आधी कैदी केलं, मग चोर, मग दारूच्या गुत्त्यावरचा राखणदार. पुढे इस्पितळाच्या मालिकेत नर्स झाला, तेव्हा मावशीने गावभर केक वाटला. शेवटी जुन्या काळावरच्या सिनेमात सरदार. आता सरदाराला आमची माओरी भाषा यायला हवी, आणि याची माओरी म्हणजे 'जेवायला या' आणि 'दार लाव'. मग रोज संध्याकाळी फोन.

"पारेताई, ते वाक्य परत म्हण ना. जरा हळू."

मी शाळेत शिकवून दमून आलेली, तरी म्हणायचे. सहा आठवडे. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकू लागली. घोडे सांभाळणाऱ्याचं आलं, जेवण पुरवणाऱ्याचं आलं. माझं काही आलं नाही. दिवे लागले तरी मी खुर्चीत बसून होते.

गेल्या हिवाळ्यात रेवेतीमामा गेले. आम्हा दोघांना त्यांनीच वाढवलेलं. दोन दिवस त्यांना सभाघराच्या ओसरीवर ठेवलं होतं, आणि तिसऱ्या सकाळी पुरण्याआधी म्हाताऱ्यांनी वेतिनीला बोलायला उभं केलं. आमच्याकडे सभाघरासमोरच्या अंगणात बायका भाषण करत नाहीत. म्हणजे भाषा माझी, उच्चार माझे, आणि बोलणार हा! पण भाषणाला टेकू म्हणून गाणं उचलायचं ते बायकांनीच, आणि गाणं सुरू झालं की भाषण संपलं, बोलणारा कितीही मोठा असो. ते गाणं उचलायचं काम माझ्याकडे. मी स्वयंपाकघरातून एप्रनवरच आले होते.

मेला बोलला मात्र सुरेख. सिनेमातलं एक वाक्य नाही, सगळं स्वतःचं. मामांशी बोलत होता, ते समोर बसलेत असं. माझ्या शेजारी मेरेपेका आते डोळे पुसत होती. मी मात्र उच्चार ऐकत होते, एकूण एक माझे.

मग तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

विसरला नव्हता. विसरलेला वेतिनी मला ठाऊक आहे, तो कान खाजवतो. त्याचे दोन्ही हात खाली होते. तरी मी उठले आणि गाणं उचललं. सगळ्या बायका माझ्यामागे उभ्या राहिल्या. त्याने तोंड मिटलं, मग तोही गाऊ लागला.

मामांना टेकडीवर पोचवून आल्यावर जेवणं झाली. मोरीपाशी आते म्हणाली, "बरं सावरलंस गं त्याला. अडकला होता बिचारा."

"हो ना," मी म्हटलं.

ती गेली आणि वेतिनी फडकं घेऊन माझ्याशेजारी बशा पुसायला लागला.

"ताई, जरा घाई केलीस."

"मला वाटलं विसरलास."

"छे गं. ही भाषा मला कुणी दिली ते मामांना सांगणार होतो. सगळ्यांसमोर. सिनेमात राहून गेलं होतं ना. तुझं नाव घ्यायचं म्हणून आधी तुझ्याकडे बघितलं."

माझे हात पाण्यात तसेच राहिले.

"मग आता सांग," मी म्हटलं.

"आता कुणाला? मामांना तर पुरून आलो."

मी पुढची बशी विसळून त्याच्या हातात दिली.