साक्षीची वही

मला राग लवकर येतो. मी अकोल्याची, आणि अकोल्याच्या माणसाला उन्हाचं आणि रागाचं फारसं नवल वाटत नाही. पण एका रागापायी माझी शाळा बंद पडायची वेळ आली होती, म्हणून तो एक राग मी अजून विसरलेले नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला पश्चात्तापही नाही.

शाळा मोर्शीपासून आतल्या एका गावात, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. दोन खोल्या, एक कडुनिंब, एक हापसा. मी रुजू झाले तेव्हा आम्ही दोघं शिक्षक होतो आणि वर्गात बसायला सतरंज्या पुरत नव्हत्या. गावाभोवती संत्र्याच्या बागा होत्या. मग विहिरी खोल खोल जात आटल्या, बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडं तोडून सरपण म्हणून विकली. कापसाचं तर विचारूच नका. एकेक घर कुलूप लावून अमरावतीला, कुणी थेट पुण्याकडे बांधकामावर निघालं. घर गेलं की माझ्या हजेरीतली दोन-तीन नावं जात. असं करत करत पट अठरावर आला.

अठरा मुलांना दोन शिक्षक कशाला, असा वरून हिशोब झाला. माझे सहकारी अतिरिक्त ठरले आणि त्यांची रवानगी मेळघाटात, सेमाडोहच्याही पलीकडे झाली. जाताना त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली, चौथीच्या गणिताची स्वतःची टाचणं दिली. तेव्हापासून चारही वर्ग एका खोलीत, मी एकटी. शाळेचं विजेचं बिल कुणी भरायचं ते ठरेना, म्हणून लाइन कापली गेली. गावानं हौसेनं दिलेल्या संगणकाला मी जुन्या साडीची खोळ शिवली. आत उंदीर जाऊ नयेत, एवढाच त्या खोळीचा उपयोग.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशा त्यात चाचण्या आल्या. वर्षातून तीनदा. प्रत्येक मुलाला जवळ बसवून तोंडी घ्यायची, कार्ड वाचून घ्यायचं, मग ते सगळं तक्त्यात भरायचं, आणि तो तक्ता पुन्हा ऑनलाइन. शाळेत वीज नाही, म्हणून मी शाळा सुटल्यावर मोर्शीच्या नेट कॅफेत जाऊन बसायची. तिथं खेळ खेळणारी कॉलेजची पोरं मला पाहून खुर्ची रिकामी करत. एका मुलाची माहिती भरली की पडदा पांढरा व्हायचा. चाचणीचे आठवडे संपेपर्यंत शिकवायचं राहूनच जायचं, आणि मग पुढच्या चाचणीत मुलं कुठं कमी पडली याचा खुलासा मलाच मागितला जायचा.

आता वहीबद्दल सांगते. माझ्या पहिल्याच वर्षी दुसरीतल्या एका पोरानं मला अख्खा धडा खडाखडा वाचून दाखवला होता. मी खूश. शाबासकी द्यायला जवळ गेले तर पुस्तक उलटं धरलेलं. सगळा धडा ऐकून ऐकून पाठ. मी त्याला रागावले नाही, स्वतःवरच चिडले. त्या दिवशी मी ठरवलं, पुस्तकातलं वाचलेलं धरायचं नाही. मुलानं घरी एखादा नवा कागद वाचायचा. बियाण्याची पिशवी, लग्नपत्रिका, भज्याच्या पुडीचा कागद, काहीही. आणि शनिवारी सकाळच्या शाळेत, शेतात जाता जाता, घरच्या मोठ्या माणसानं येऊन त्या कागदात काय होतं ते मला सांगायचं. ऐकणाऱ्याला कळलं असेल तरच मूल वाचतं. सांगितलेलं मी एका ओळीत लिहून घेई आणि खाली त्याची सही किंवा अंगठा. हीच साक्षीची वही.

गावाला याची फार मजा वाटायची. एक आजोबा नातवानं वाचलेली फवारणीच्या औषधाची चिठ्ठी घेऊन आले होते. त्यात तोंडाला फडकं बांधा आणि वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका असं होतं. आजोबा म्हणाले, मी तर एवढी वर्षं वारा बघितलाच नाही. नातवाच्या नावापुढे मी खूण केली ती लाल शाईनं.

तर पट अठरावर आला त्या वर्षीच्या पहिल्या चाचणीच्या तक्त्यात दोन रकाने होते, ‘वाचतो’ आणि ‘वाचत नाही’. मी माझी वही उघडली. अठरातल्या नऊ जणांची साक्ष झालेली होती, नऊ जणांची नव्हती. मी तेच भरून टाकलं. त्यात काही चूक होतेय असं माझ्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात केंद्रप्रमुख सर मोटरसायकलवर आले. निवृत्तीला आलेला, सज्जन, दमलेला माणूस. केंद्रातल्या बाकी सगळ्या शाळा शंभर टक्के होत्या आणि माझी एकटीची पन्नास. सरांनी समजावून सांगितलं, की वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची यादी होते आहे. त्यात निकालही खराब असला तर मुलं नाल्यापलीकडच्या शाळेत पाठवून ही शाळा बंद करतील. नाल्यापलीकडची शाळा तीन किलोमीटर. पावसाळ्यात नाला अडवायचा, आणि एरवीही मुलींना तेवढं लांब कुणी पाठवलं नसतं. सात मुली होत्या माझ्याकडे. त्यांची शाळा तिथंच संपली असती.

सरांनी तिसरीतल्या एका मुलीला बोलावलं आणि चाचणीचं कार्ड दिलं. तिनं ते सुरेख वाचलं.

“वाचते की ही. मग हिच्यापुढे नाही कशाला लिहिलं?”

“कार्ड वाचते, सर. तेच कार्ड ती आठ दिवस ऐकते आहे. कागद नाही वाचत अजून.”

सर म्हणाले, शासनानं कार्ड वाचायला सांगितलंय, मग तुम्ही कशाला वरचढ होता. मी तडकले. म्हटलं, मी खोटं लिहून शाळा वाचवली तर त्या वाचवलेल्या शाळेत मी उद्या कोणत्या तोंडानं उभी राहू. आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरांनी शांतपणे हेल्मेट घातलं. दिवाळीनंतर दुसरी चाचणी आहे, तोवर काय ते करा, एवढंच म्हणून गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. नवरा म्हणाला, नऊ टिका मारल्या असत्या तर कुणाचं काय बिघडलं असतं? मैत्रिणी म्हणाल्या, हरिश्चंद्राची अवलाद आहेस. मलाही वाटून गेलं, हा माझा अहंकार तर नाही? माझ्या वहीचा मान राखायला मी सात मुलींची शाळा पणाला लावली होती. पण सकाळी वर्गात गेले, मुलांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तक्ता बदलायचा विचार पुन्हा केला नाही. त्याऐवजी नऊ जणांना पकडून बसले.

दिवाळीपर्यंत आठ जणांची साक्ष झाली. कापूस वेचायचे दिवस, तरी लोक धुऱ्यावरून वाकडी वाट करून यायचे. राहिली एकच, तीच कार्ड वाचणारी तिसरीतली मुलगी.

तिचे वडील पिंजारी. सायकलला धनुकली बांधून गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत फिरायचे. आई घरी रजयांना टाके घालायची. त्या वर्षांत नवी गादी करायला कुणाला सुचत नव्हतं, म्हणून वडील लांब लांब जायचे आणि आठ-आठ दिवस येत नसत. ही आई आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. साक्षरता वर्गात सही शिकलेली, वाचायला मात्र येत नव्हतं. सही फार झोकात करायची. आणि इथं मी एक कबूल केलं पाहिजे. खिचडीचं रजिस्टर, सभेचं रजिस्टर, अनुदानाचे कागद, सगळ्यांवर मीच बोट ठेवायची आणि इथं सही करा म्हणायची. ती विचारत नसे, मी सांगत नसे. तेवढा वेळच कुणाला होता! मुलांच्या बाबतीत एवढी कडक असणारी मी, तिच्या बाबतीत सरळ उलटं वागत होते.

पोरीची साक्ष का होत नाही म्हणून मी घरी गेले. घरभर कापूस, केसांत कापूस. आई म्हणाली, पोरगी कागद घेऊन येते, पण मीच तिला परत पाठवते.

“मले काय समजते, मॅडम? मी अनाडी बाई. मी कायची साक्ष देऊ? तिचा बाप आल्यावर देईन.”

मी तिला म्हटलं, वाचता येणारा माणूस मध्येच कागदात डोकावतो आणि पोरीच्या चुका आपल्या मनात दुरुस्त करून घेतो. तुम्हाला डोकावता येत नाही, म्हणून तुमच्यासारखा साक्षीदार अख्ख्या गावात नाही. कळलं नाही तर पुन्हा वाच म्हणायचं, दहादा म्हणायचं. ती हसली. सुई रजईत खोचून ठेवत म्हणाली की बघते.

दुसरी चाचणी झाली. एका शुक्रवारी मी तिचीच माहिती भरायला मोर्शीला गेले होते. त्याच संध्याकाळी कार्यालयाचा एक शिपाई गावात आला. चार-पाच शाळांच्या अध्यक्षांच्या सह्या गोळा करत फिरत होता. शाळा सुटलेली, मी नाही, म्हणून तो थेट पिंजाऱ्याच्या घरी गेला. त्यालाही कागदात काय आहे ते ठाऊक नव्हतं. शाळेचा कागद आहे, सही करा, असं म्हणाला. माझ्यासारखंच.

पुढचं मला शनिवारी सकाळी कळलं. प्रार्थना संपत होती आणि फाटकातून ती आली, डोक्यावर पदर, हातात घडी केलेला कागद. मागे पोरगी. मला वाटलं, वडील परत आले नसतील, म्हणून पुन्हा नाही म्हणायला आली.

“मॅडम, साक्ष द्याची हाय,” ती म्हणाली. “काल एक माणूस आला, सही मांगत होता. मी म्हटलं, थांबा जरासे, पोरगी वाचते, मले समजते, मंग सही. तो म्हणे, बस चालली जाईन. मी म्हटलं, जाऊ द्या. मंग कागद ठेवून गेला तो.”

“काय वाचलं तिनं?”

“दोन-चार शब्द लई कठीण होते, ते तिनं फोडून फोडून वाचले. पाच खेप वाचाले लावलं मी. त्यात असं हाय का, आपली शाळा बंद करून लेकरं नाल्यापलीकडं धाडाची, अन् त्याले गावाची हरकत नाई. हरकत नाई म्हणून मी सही कराची. बराबर हाय का नाई?”

मी कागद उघडला. संमतीपत्र होतं. समायोजन, भौगोलिक अंतर, असले शब्द होते. तिनं सांगितलं त्यात अर्थाचा जराही फरक नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मुलांसमोर ते लपवायलाही मला जमलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. तिनं सही केली नाही. त्याच आठवड्यात ग्रामसभा भरली. ज्या आजोबांनी वारा बघितला नव्हता ते सगळ्यांत आधी उभे राहिले, आणि गावाची हरकत आहे असा ठराव झाला. कागद सहीविनाच परत गेला. केंद्रप्रमुख सर एकदा आले, वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. निवृत्त होताना त्यांनी मला त्यांचं शाईचं पेन दिलं. शाळा यादीतून निघाली. दुसरा शिक्षक काही परत आला नाही, वीज यायलाही पुढे दोन वर्षं लागली. मी बदली होईपर्यंत चार वर्ग एका खोलीतच शिकवले, आणि त्याचा मला जेवढा त्रास झाला तेवढाच अभिमान आहे. त्या सातही मुली चौथी पास होऊन गेल्या.

पण त्या शनिवारी सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कपाटातून वही काढली, तिनं सांगितलेलं एका ओळीत लिहिलं आणि सवयीप्रमाणे पानाच्या खाली बोट ठेवलं. इथं सही करा, असं म्हणणार होते.

तिनं वही माझ्या हातातून काढून पोरीपुढे धरली.

“काय लिवलं मॅडमनं, वाच.”

पोरीनं माझं अक्षर वाचलं. आईनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ओट्यावर मांडी घालून बसली आणि झोकात सही केली.