पांढऱ्या माश्या

ठाण्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून डोंबिवलीला घरी पोहोचेपर्यंत माझ्यात बोलायचंही त्राण उरत नसे. तसं घरात बोलायला होतं तरी कोण? यांची सगळी नोकरी मानपाड्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात झाली. तो बंद पडला आणि हे गप्पच झाले.

मे महिन्यात सोसायटीच्या मीटरच्या पेटीत सातेरी मधमाश्यांनी पोळं केलेलं. एक मधपाळ ते काढून खडवलीला घेऊन गेला. एक तुकडा जिन्यात पडून राहिला, तो यांनी वर आणला.

"अगं, आतल्या माश्या पांढऱ्याफटक आहेत. मेल्या का?"

"नाही हो, कोश आहेत ते. रंग यायचाय अजून."

पेपर तपासायचे पडले होते, पाठ दुखत होती. पण कितीतरी दिवसांनी यांनी आपणहून काही विचारलं होतं. मी भिंग काढलं. अंग पांढरं, डोळे मात्र गुलाबी.

"रंग चढवतं कोण?"

"कोणी नाही. अंगातल्याच बिनरंगी द्रव्याचं कातडीत मेलॅनिन होतं. दाट असेल तिथं काळं, कमी तिथं तपकिरी, अगदीच थोडं तिथं पिवळट. म्हणून ते पट्टे."

"हवेतला ऑक्सिजन लागत असेल?"

"लागतो."

"मग आमच्या कारखान्यातल्या काळ्या रंगासारखंच की! आमचं कापडही आधी हिरवट दिसायचं, मग काळं पडायचं."

त्यांनी तुकडा डब्यात ठेवला, वर मलमल बांधली. उठल्यासुटल्या बघायचे. गुलाबी डोळे जांभळे झाले, मग तपकिरी. अंगावर सावळी छटा आली. बरेचसे कोश मात्र तसेच सुकले. एकच माशी कुरतडून बाहेर आली, राखाडी, लवदार.

"हिचा रंग कच्चा राहिला," हे म्हणाले.

"पक्का होईल एखाद्या दिवसात."

पण ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. पोळ्याची ऊब नव्हती, भरवणारं कोणी नव्हतं. मला हे आधीपासून माहीत होतं, पण यांना सांगवलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं ना?" डबा धूत त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ते चिडले नाहीत. चहा टाकला आणि समोर बसून काळा रंग कसा बिघडायचा, कोण कसा ओरडायचा, ते सांगू लागले. कारखाना बंद पडल्यापासून त्याबद्दल ते पहिल्यांदाच इतकं बोलत होते, आणि माझे डोळे मिटत होते.